बालपणीच्या आठवणींचा पाठ: आधी दोन 'मी' वेगळे करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गोव्यात डिचोलीकडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात तुम्ही नववीला मराठी शिकवता. बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात, काही दोडामार्ग-सावंतवाडीकडची आहेत, दोघातिघांच्या घरी कन्नड. पूरक वाचनाला तुम्ही 'श्यामची आई'मधला श्यामच्या पोहण्याचा भाग घेतलात. आशय, शब्दसंपत्ती आणि कथानक अशा तीन अंगांनी तो शिकवलात, आणि शेवटी वह्या तपासल्या तर सगळीकडे एकच वाक्य सापडलं: 'या पाठातून आईची माया दिसून येते.' आता काय करावं, आणि चाचणीला प्रश्न कसे काढावेत, हे तुम्ही विचारलंय.

मुलांचं फारसं चुकलेलं नाही. तीन अंगं तीन वेगळ्या तासांना शिकवली की मुलं तीन वेगळी उत्तरं पाठ करतात. आशयाला एक ओळ, शब्दार्थाला एक यादी आणि कथानकाला गोष्टीचा सारांश, की झालं. ही तिन्ही अंगं एकाच जागेवरून उघडतात, आणि ती जागा म्हणजे आठवण सांगणारा 'मी'. बालपणीच्या आठवणींत 'मी' एक नसतो, दोन असतात. एक ज्याच्यावर तो प्रसंग गुदरला ते पोर, आणि दुसरा आज ते सांगणारा मोठा माणूस. पोराला जे कळलं नव्हतं ते मोठ्याला कळलेलं असतं. पाठातलं जे काही शिकवण्यासारखं आहे ते या दोघांमधल्या अंतरात असतं. मुलांना हे दोघे वेगळे ओळखता आले की उरलेलं काम निम्मं होतं.

'श्यामची आई' या कामाला फार सोयीचं पुस्तक आहे. तिथे हे दोन 'मी' लेखकाने उघड वेगळे ठेवलेत. मोठा श्याम आश्रमात मित्रांना रोज रात्री आपल्या लहानपणीची एकेक आठवण सांगतो, म्हणून पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ मध्ये ते छापून आलं. ही माहिती मुलांना पाठाआधी 'लेखक परिचय' म्हणून देऊ नका. ती मध्येच, गरज पडेल तेव्हा द्या. आईवर चिडलेल्या मुलाची गोष्ट तिशी ओलांडलेला एक माणूस तुरुंगात बसून लिहितोय, हे मुलांना कळतं तेव्हा काही चेहरे वर उठतात. सुरुवातीलाच सांगितलंत तर ती नुसती सनावळ होते.

पहिला तास फक्त वाचनाचा ठेवा. तुम्ही वाचा, मुलांनी पुस्तक मिटून ऐकावं. मध्ये एकाही शब्दाचा अर्थ सांगायला थांबू नका. आपल्याकडे पाठ वाचताना दर दोन ओळींनी 'म्हणजे काय रे?' असं विचारायची सवय आहे आणि तिच्यात गोष्ट मरते. श्याम पाण्याला घाबरून माळ्यावर लपलाय, आई त्याला शोधतेय, तिच्या हातात शिंपटी आहे. या जागी थांबून 'शिंपटी' फळ्यावर लिहिणं हा अन्याय आहे. मुलं त्या शब्दाशिवायही पुढे काय होणार ते ओळखतात. आणि आपल्या मुलांना तर तो शब्द परका नसतोच, घरात कुठेतरी आजीच्या तोंडी 'शिमटी' असते.

वाचन संपलं की एकच प्रश्न विचारा: यातलं लहान श्यामला तेव्हा काय काय माहीत होतं? मुलं सांगतील: भीती माहीत होती, मार माहीत होता, आईचा राग माहीत होता. मग दुसरा प्रश्न: त्याला तेव्हा काय माहीत नव्हतं? इथे वर्ग थोडा गप्प होतो. होऊ द्या. कुणीतरी म्हणतं, 'टीचर, आईक वायट दिसलें तें ताका कळूंक ना.' (आईला वाईट वाटलं ते त्याला कळलं नाही.) उत्तर कोंकणीत आलं तर ते तसंच फळ्यावर घ्या आणि मग वर्गाकडूनच मराठीत करून घ्या. आधी मराठी, मग विचार, असा हट्ट धरलात तर ते वाक्य त्या मुलाच्या तोंडात येणारच नाही.

दोन 'मी' वेगळे करण्याचा सराव साने गुरुजींच्या उताऱ्यावर एकदम घेऊ नका. आधी छोटा, घरचा उतारा घ्या. वर्गासाठी मी स्वतः लिहिलेला एक उतारा देते. हवा तर वापरा, नाहीतर आपल्या गावचा लिहा. (बाहेरच्यांसाठी: चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट, आणि कांगलां-घागऱ्यो ही तिच्यातली रानफळं.)

'चवथ आठ दिवसांवर आली की आजी माटोळीचं सामान आणायला रानात जायची. मी पिशवी घेऊन तिच्या मागून चालायचो. ती कांगलां दाखवायची, घागऱ्यो दाखवायची, कुठलं झाड कुणाच्या बांधावर आहे ते सांगायची. मी हूं हूं करायचो आणि विसरायचो. त्या वर्षी ती पायरीवरच बसून राहिली. पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "यंदा तू जा." मला मोठं झाल्यासारखं वाटलं. तिचे गुडघे वर्षभर दुखत होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.'

मुलांना क्रियापदांखाली रेघ मारायला सांगा. जायची, चालायचो, दाखवायची, सांगायची, करायचो, विसरायचो. एकामागोमाग एक '-यची', '-यचो'. आणि मग अचानक राहिली, दिली, म्हणाली. बदल कुठे झाला? 'त्या वर्षी'पाशी. कथानक तिथे सुरू झालं. त्याआधी जे आहे ती दरवर्षीची रीत, कुठल्याही वर्षी घडलेली. त्यानंतरचं फक्त एकदाच घडलं. बालपणीच्या आठवणी बहुतेक अशाच रचलेल्या असतात. आधी 'आम्ही असं करायचो', मग 'एके दिवशी'. ही सांध्याची जागा ज्याला दाखवता आली त्याला कथानक समजलं. त्याला 'सुरुवात, मध्य, शेवट' ही तीन नावं पाठ नसली तरी चालेल.

व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात आणि आपल्या वर्गात तो शिकवणं सोपं आहे, कारण कोंकणीत तो रोजच्या बोलण्यात आहे. आजी रानात 'वताली', फळं 'दाखयताली', मी मागून 'चलतालों'. हे मुलांना विचारावंही लागत नाही. अडचण येते ती जुन्या मराठीत. साने गुरुजींच्या पिढीचं लेखन 'जायची' म्हणत नाही, 'जाई' किंवा 'जात असे' म्हणतं. 'करी', 'येई', 'म्हणे', 'देई'. 'आई देवळात जाई' हे वाक्य वाचून नववीतलं मूल जाईचं फूल शोधतं, यात त्याचा दोष काय? ही चार रूपं एकदा फळ्यावर शेजारी शेजारी मांडा: जाई, जात असे, जायची, वताली. पुढे कुठलंही जुनं आत्मकथन हाती आलं तरी त्यांचं अडत नाही. शब्दार्थांच्या चार पानांपेक्षा या चार रूपांचा उपयोग जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता उताऱ्याचा शेवट पाहा. 'मला मोठं झाल्यासारखं वाटलं' हे कोण बोलतंय? पोर. आणि पुढचं वाक्य? ते पोराचं असूच शकत नाही, कारण 'मला सोडून' हे शब्दच सांगतात की त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन रंगांच्या पेन्सिली द्या. पोराला माहीत असलेलं एका रंगाने, मोठ्यालाच कळू शकेल ते दुसऱ्या रंगाने. काही वाक्यांवर भांडण होतं. 'पिशवी माझ्या हातात दिली' हे कुणाचं? घडलं ते पोराच्या समोर, पण इतक्या वर्षांनी तेच निवडून कुणी सांगितलं? मोठ्याने. अशी भांडणं झाली तर घंटा झाली तरी तास वाया गेला असं समजू नका.

याच कामातून आशय निघतो. 'विषय' आणि 'आशय' हे दोन शब्द आपण शिक्षकसुद्धा मोकळेपणी एकाच्या जागी दुसरा वापरतो, म्हणून मुलंही वापरतात. मी वर्गात एक साधी अट घालते: विषय एका शब्दात सांगता येतो, आशय सांगायला क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य लागतं. माटोळीच्या उताऱ्याचा विषय आजी. आशय काय? मुलांची उत्तरं वेगवेगळी येतात. 'आजी म्हातारी झाली ते नातवाला उशिरा कळलं.' 'मोठं झाल्याचा आनंद झाला तेव्हा खरं तर वाईट गोष्ट घडत होती.' 'जे शिकवत होती ते त्याने ऐकलंच नाही आणि आता एकट्याने जायची पाळी आली.' तिन्ही बरोबर, कारण तिन्ही उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येतात. 'आजीची माया' मात्र दाखवता येत नाही. या उताऱ्यात आजीने माया केल्याचं कुठे आहे? दाखव म्हटलं की मूल स्वतःच ते खोडतं.

इतकं झाल्यावर श्यामकडे परत या. विषय आई, हे ठीकच. पण आशयाचं वाक्य करायला गेलं की मुलांना आई मारते ही गोष्ट टाळता येत नाही. इथे तुमच्या वर्गात एक आवाज उठेलच: 'टीचर, मारणं चूक आहे.' आजच्या मुलांना हे माहीत असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे, हेही त्यांना ठाऊक असतं आणि ती आपल्याला त्याची अधूनमधून आठवण करून देतात. पुष्कळ शिक्षक इथे घाईने म्हणतात, 'तेव्हाचा काळ वेगळा होता, ती त्याच्या भल्यासाठी मारत होती', आणि पुढे जातात. तसं करू नका. त्या मुलाने पाठातली सगळ्यात कठीण जागा अचूक पकडलेली असते. मार खाणारा श्याम रागावलेला आहे. गोष्ट सांगणारा श्याम कृतज्ञ आहे. आणि वाचणारा आजचा मुलगा दोघांशीही सहमत नाही. ही तीन माणसं तीन ठिकाणी उभी आहेत आणि तिघांनाही पाठात जागा आहे. मग विचारा: मोठा श्याम कृतज्ञ आहे म्हणून आईचं वागणं बरोबर ठरतं का? मारल्यावर आईचं स्वतःचं काय झालं, ते पाठात कुठे दिसतं? तिला लोक आपल्या मुलाला भित्रा म्हणतील याची काळजी आहे. ही काळजी मुलाची की स्वतःच्या नावाची? हा शेवटचा प्रश्न नववीला जड वाटेल, पण विचारून पाहा. एका वर्षी एका मुलीने उत्तर दिलं, 'दोनूय', म्हणजे दोन्ही. यापेक्षा चांगलं उत्तर मी कुठल्या मार्गदर्शकात वाचलेलं नाही.

हे खरंच घडलं का, असंही मुलं विचारतात. लेखकाचं नाव पांडुरंग आणि गोष्टीतला मुलगा श्याम, म्हणून तर विचारतातच. सरळ उत्तर द्या: जीवन त्यांचं, नाव बदललेलं, आणि संवाद आठवून नव्याने बांधलेले. आठव्या वर्षी कोण काय बोललं ते शब्दशः कुणालाच आठवत नाही. तुम्हाला गेल्या चवथीला आजी काय म्हणाली ते आठवतं का, असं विचारा. भाव आठवतो, एखादा शब्द आठवतो, बाकीचं आपण भरतो. आठवण लिहिणारा असं भरतो म्हणून तो खोटारडा ठरत नाही. पण बालपण कथा म्हणून लिहिणारे लेखकही मराठीत आहेत आणि त्यांची, प्रकाश नारायण संतांच्या लंपनसारखी मुलं कधी कधी आठवणींतल्या मुलांपेक्षा खरी वाटतात. हा फरक दहावीनंतर समजला तरी चालेल, आत्ता त्याच्यावर तास घालवू नका.

शब्दसंपत्तीबद्दल तुम्ही जास्त विचारलंय, आणि गोव्यातल्या वर्गात खरी गंमत तिथेच आहे. कठीण शब्दांची एकच यादी करू नका. शब्द तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग घरी असलेल्या शब्दांचा. पडवी, माळा, उंबरा, न्हाणी, उखळ, माड, पेज. कोंकणातलं घर आणि गोव्यातलं घर फार लांब नाहीत. साने गुरुजींचं पालगड दापोलीजवळचं, म्हणजे किनाऱ्याच्या याच पट्टीतलं. या शब्दांचे अर्थ मुलांना द्यायचे नाहीत, त्यांच्याकडून घ्यायचे. माळा घरी कुणाकडे आहे? वर काय ठेवतात? तिथे कोण लपलंय कधी? अर्थ आपोआप येतो, आणि श्याम तिथेच का लपला तेही कळतं.

दुसरा ढीग फसव्या शब्दांचा, जे कोंकणीत आणि मराठीत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे. हाच ढीग सगळ्यात महत्त्वाचा आणि बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांत हाच नसतो. 'सोय' घ्या. 'आईने त्याच्या जेवणाची सोय केली.' कोंकणी घरातल्या मुलाला सोय म्हणजे खवलेलं खोबरं. ते वाक्य त्याला पूर्ण समजतं, फक्त चुकीचं. 'शीत' म्हणजे आपल्याकडे ताटातला सगळा भात. मराठी पुस्तकात भाताचं एकेक कण, किंवा थंड. 'कापड' म्हणजे आपल्याकडे साडी. 'वडिलांनी आईला कापड आणलं' याचा कोंकणी अर्थ वेगळाच होतो. 'पोळी' म्हटलं की आपल्याकडे पोदेराची (पाववाल्याची) कोंड्याची पोळी डोळ्यांसमोर येते, चुलीवरची नव्हे. हे शब्द मूल अडखळत वाचत नाही, सरळ वाचून जातं, म्हणून त्याची चूक तुमच्या लक्षातही येत नाही. तोंडी विचारल्याशिवाय ती सापडत नाही. ही यादी तुम्ही एकट्या करू नका, वर्गाला करू द्या. वर्षभर मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा, ज्याला असा शब्द सापडेल त्याने तो तिथे लिहायचा. कन्नड घरातली मुलं इथे मागे पडतील अशी भीती वाटेल, पण तीच मुलं शब्दाकडे बाहेरून पाहतात, म्हणून फसवे शब्द पहिल्यांदा बहुधा त्यांनाच दिसतात.

तिसरा ढीग ज्या वस्तूच आता राहिल्या नाहीत त्यांच्या शब्दांचा. फडताळ, शिंकं, रहाट, पोहरा, सोवळं. इथे अर्थ लिहून देण्यात काही हशील नाही; 'शिंकं म्हणजे टांगण्याचं साधन' एवढं वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. मुलांना घरी पाठवा. आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारून यायला सांगा: ही वस्तू तुमच्याकडे होती का, तिला तुम्ही काय म्हणायचा, ती शेवटची कधी पाहिलीत? पोहण्याच्या पाठाला हा प्रश्न फार चांगला लागू पडतो. पोहायला शिकताना तुमच्या कमरेला काय बांधलं होतं? कुणाचे आजोबा सुक्या नारळांची जोडी सांगतात, कुणाच्या काकांना कारची ट्यूब आठवते, एखाद्याच्या वडिलांनी क्लबच्या तलावात फोमची पाटी वापरलेली असते. तीन पिढ्यांची तीन साधनं फळ्यावर आली की मुलं स्वतःच विचारतात: मग श्यामच्या वेळी बांयत (विहिरीत) उतरणं किती भीतीदायक असेल? शब्दाचा अर्थ आणि पाठाचा आशय इथे एका जागी येतात.

एक सूचना. सोवळं-ओवळं आणि जातीपातीशी जोडलेले शब्द तिसऱ्या ढिगात येतात, पण ते नुसते 'जुन्या वस्तू' म्हणून सोडून देऊ नका. वर्गात अशीही मुलं असतात ज्यांच्या आजी-आजोबांना त्या सोवळ्याच्या बाहेर उभं राहावं लागलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं वर्णन आहे. ते इतकं मिश्कील आहे की वर्ग हसतो. पण त्या हसण्यामागे एका मुलीने घरात काय काय सोसलं तेही दिसतं. वेळ असेल तर त्यातला एखादा छोटा भाग श्यामच्या शेजारी वाचा. साने गुरुजी रडवतात, लक्ष्मीबाई हसवतात, आणि दोघांचंही साहित्य बालपणच आहे. हा विरोध मुलांना भाषणाशिवाय समजतो.

आणि गोव्यातलं काही हवं असेल तर बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं 'निवेदन' घ्या. जन्म १८७६ चा, गाव तेव्हाच्या साष्टीतलं सांखवाळ. मराठीतल्या थोड्या चांगल्या आत्मकथनांपैकी एक गोव्याच्या माणसाने लिहिलंय आणि आपल्याच मुलांना ते माहीत नसतं, याची मला खंत वाटते. १९२४ च्या त्या पुस्तकात पोर्तुगीज राजवटीतलं खेड्यातलं बालपण आहे, माडांची बागायत आहे, आणि 'बालबोध' मासिकात बुद्धावर आलेला लेख वाचून एका तरुणाचं आयुष्य कसं फिरलं तेही आहे. शैली साने गुरुजींच्या अगदी उलट, कोरडी, सरळ. स्वतःविषयी कुठेही अश्रू नाहीत. एका पानात दोन्ही लेखकांचे चार-चार ओळींचे तुकडे समोरासमोर ठेवा आणि विचारा: यातला कोणता 'मी' तुम्हाला जास्त दिसतो, पोर की मोठा? कोसंबींच्या बाबतीत मुलं बहुतेक वेळा 'मोठा' म्हणतात आणि ते बरोबर आहे. पुस्तक दुकानात पटकन सापडलं नाही तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा.

कथानकाबद्दल आणखी एक. पूरक वाचनासाठी पाठ काढताना संपादकाने पुढून-मागून कापलेला असतो. कापलेल्या तुकड्याला शेवट असल्यासारखा वाटतो, पण तो लेखकाचा शेवट नसतो. म्हणून शिकवण्याआधी तुम्ही स्वतः ती पूर्ण रात्र वाचा, आणि शक्य असेल तर आधीची आणि नंतरचीही. मुलांना काय सांगायचं ते नंतर ठरवा. पोहण्याच्या गोष्टीत मार आणि विहिरीतली उडी हा सगळ्यांना आठवणारा भाग. पण पोहून आल्यावर घरात काय होतं, आई कशी बोलते, यावर कथानकाचा खरा तोल आहे. तो भाग नसलेला तुकडा तुमच्या हाती आला असेल तर तुम्ही तो वाचून दाखवलाच पाहिजे. नाहीतर पाठ एका कडक आईची गोष्ट होऊन बसतो.

मग मुलांचं लेखन. 'माझी आई' हा निबंध मी देत नाही, आणि बालपणीच्या आठवणीच्या पाठानंतर तर मुळीच देत नाही. प्रत्येक वर्गात एखादं मूल असतं ज्याच्या घरी आई नाही, किंवा आहे पण जिच्याबद्दल त्याला लिहावंसं वाटत नाही. पर्याय म्हणून वस्तू द्या किंवा जागा द्या: घरची पायरी, शाळेची जुनी पिशवी, फेरीबोटीची वाट पाहण्याचा धक्का, एक झाड. अट एवढीच: आधी तीन-चार वाक्यं 'आम्ही असं करायचो' अशी, मग 'एकदा' आणि एकच प्रसंग, आणि शेवटी एक वाक्य जे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. दहा-बारा ओळी पुरेत. शुद्धलेखन पहिल्या वाचनात तपासू नका. कोंकणी शब्द आला तर खोडू नका. तो पात्राच्या तोंडी ठेवता येतो का एवढं विचारा. 'आजी म्हणाली, वच रे बाबा' हे वाक्य मराठी उताऱ्यात शोभून दिसतं. 'मी घरा गेलो' मात्र दुरुस्त करायचं.

आता चाचणी. 'पाठाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा' हा प्रश्न काढलात तर 'आईची माया' परत येणार. आणि 'पोहायला का शिकावे' असा प्रश्न काढलात तर तो पाठाचा प्रश्नच नव्हे. मी साधारण असं काढते. पाठात श्यामला तेव्हा न कळलेली आणि पुढे कळलेली एक गोष्ट सांगा व ती कुठे दिसते ते लिहा, ३ गुण. पाठातलं 'आम्ही नेहमी असं करत असू' अशा अर्थाचं एक वाक्य आणि एकदाच घडलेल्या घटनेचं एक वाक्य शोधा, २ गुण. 'आईने मारले ते योग्य होते' या विधानाशी सहमत किंवा असहमत होताना पाठातील दोन आधार द्या, ४ गुण. मत कोणतंही असो, आधार नसेल तर अर्ध्याहून जास्त गुण नाहीत. फसव्या शब्दांपैकी एक, त्याचे दोन्ही अर्थ आणि प्रत्येकी एक वाक्य, २ गुण. उरलेला एखादा पाठ्यपुस्तकी प्रश्न मंडळाच्या धर्तीवर असू द्या, म्हणजे पालकांकडून तक्रार येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला 'असहमत' लिहिणाऱ्यांचे पेपर आधी तपासा. त्यात तुम्हाला पाठ कुठे नीट पोचला आणि कुठे नाही ते सगळ्यात स्पष्ट दिसेल, आणि दुसऱ्या तुकडीला शिकवताना कुठे थांबायचं तेही.